धार तुटल्यावरचे तीस

मत्सरावर एकही पत्रक माझ्या वाचनात आलेलं नाही. अन्यायावरची वाचली, महागाईवरची वाचली, बेकारीवरची आणि लाठीमारावरची तर पाठ आहेत. आमच्या पत्र्याच्या खोलीला आतून चुना नव्हता, पत्रकं होती. वडील एका छापखान्यात यंत्रावर कामाला. छपाईत बिघडलेले कागद ते घरी आणायचे आणि खळ लावून भिंतीला चिकटवायचे, म्हणजे थंडीत फटींतून वारा आत येत नसे. मी अक्षरं त्या भिंतीवर शिकलो. ‘क’ कष्टकऱ्याचा आणि ‘ज’ जाहीर सभेचा. त्यामुळं कशाचाही राग आला की मला त्याचं नाव ताबडतोब सापडतं.

पण एकविसाव्या वर्षी चिकलठाण्याच्या एका शेडमध्ये, शेजारी काम करणाऱ्या सोबत्याकडं पाहून मला जे वाटायला लागलं, त्याचं नाव त्या भिंतीवर कुठंच नव्हतं. बरेच दिवस मी त्याला अन्यायच म्हणत राहिलो.

ती शेड पेट्रोल पंपावरची मशीन दुरुस्त करणाऱ्या एका कंत्राटदाराची होती. तेव्हा औरंगाबादेत कारखान्यांची भिंत संपली की दुसऱ्या कारखान्याची भिंत सुरू व्हायची. चिकलठाणा भरत आला होता, वाळूजकडं माळरानावर खुंट्या ठोकून प्लॉट पाडले जात होते, आणि ट्रक वाढले म्हणून पैठण रस्त्याला, जालना रस्त्याला, गंगापूरकडं नवे पंप उभे राहत होते. पंप उभा करायला पैसेवाले पुष्कळ होते. त्यावरचं मशीन उघडून परत बसवणारा माणूस मात्र अख्ख्या जिल्ह्यात एकच होता, आमचे वस्ताद. साठीला आलेला, लुंगी नेसून काम करणारा, मराठी समजणारा पण बोलताना दख्खनीच बोलणारा माणूस. त्यांच्या हाताखाली कंत्राटदारानं दोघांना घेतलं. एक मी, दुसरा तो.

तो गंगापूरकडच्या एका वस्तीवरचा. घरची मेंढरं. चराईचं रान प्लॉटांत गेलं तशी अर्धी मेंढरं विकली, आणि बापानं त्याला जीपमध्ये बसवून शहरात पाठवलं. सातवी झालेला. मी बारावी, वर भिंतभर वाचन. पहिल्या दिवशीच मी मनात ठरवून टाकलं, हा फार तर हातात पाने-पकडी देण्याच्या कामाचा.

आम्हाला दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, ते कार्ड. सहा महिने शिकायचं, मग मशीन बनवणाऱ्या कंपनीचे साहेब आणि वजनमापे खात्याचे निरीक्षक समोर बसून परीक्षा घेणार, आणि पास झालं तर जाड गुलाबी पुठ्ठ्याचं कार्ड मिळणार. पंपाच्या मशीनला आत शिशाचं सरकारी सील असतं. कार्ड असलेला माणूसच ते सील तोडून मीटरला हात लावू शकतो. कार्ड नसलेला माणूस, मग तो कितीही शिकलेला असो, त्याच्या मागं पिशवी धरून उभा राहतो. मला पिशवी धरायची नव्हती. आमच्या घरात तीन पिढ्या कुणाची ना कुणाची पिशवीच धरलेली होती.

पंपाच्या मशीनचं शिक्षण म्हणजे नव्वद टक्के मापाचं शिक्षण. मोटार, पट्टा, हवा बाहेर काढणारं भांडं, नोझल, हे सगळं हाताला येतं. अवघड असतं ते पाच लिटरचं माप. पितळेचं, वर निमुळती मान, मानेला काच, काचेवर रेघा. नोझलमधून पाच लिटर सोडायचे आणि पेट्रोल कुठल्या रेघेवर उभं राहतं ते बघायचं. पण पहिलं भरलेलं माप खरं धरायचं नाही. कोरडं भांडं थोडं पेट्रोल स्वतःच्या अंगाला लावून घेतं. म्हणून पहिलं भरायचं, ओतायचं, मग दुसरं मोजायचं. आणि ओततानाही कायदा असतो. धार तुटली की भांडं तिरकं तसंच धरून तीस मोजायचे. तेवढ्यात अंगावरचे थेंब निथळतात. तिसाच्या आत भांडं उभं केलं तर तळाशी थेंब राहतात, पुढचं माप त्यावर भरतं आणि रेघेच्या वर दिसतं. मग मशीन जास्त देतंय असं वाटून तुम्ही मीटर मागं घेता, आणि त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला कमी मिळायला लागतं.

वस्ताद घड्याळ वापरू देत नसत.

“घड़ी देखा तो हाथ हिलता,” ते म्हणायचे. “मन में गिन. अपना अपना गिनो, लेकिन बराबर गिनो.”

वस्तादांचे ओठ हलायचे, ते काय म्हणतात हे आम्ही कधी विचारलं नाही. माझ्या सोबत्यानं मात्र आपली मोजणी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली. मेंढरांच्या वाड्याच्या कुडाला एका वेळी एकच मेंढरू आत जाईल एवढी फट असते. संध्याकाळी एक एक मेंढरू त्या फटीतून आत जातं आणि मोजणारा बाजूला हात ठेवून उभा असतो. तो माप तिरकं धरायचा, डोळे अर्धे मिटायचा आणि तीस मेंढरं आत घ्यायचा.

“अन् एखादं दांडगं मेंढरू घुसलं तर?” मी एकदा चिडवलं.

“दांडगं असलं तरी फट तेवढीच हाय ना रं,” तो म्हणाला. “तुजं काय? तू काय मोजतूस?”

मी घोषणा मोजायचो. ‘नामांतर झालंच पाहिजे’ हे मनात सावकाश म्हटलं की दोन सेकंद होतात. पंधरा वेळा म्हटलं की तीस. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन बसला होता, त्यापायी आमच्या लोकांची घरं जळाली होती, माणसं गेली होती, आणि पाटीवरचं नाव तेच होतं. मला वाटायचं, माझं माप सगळ्यांत पवित्र आहे.

वस्ताद ऐकून हसले. “वा रे पत्रकवाले! तेरी मशीन तो मोर्चा निकालेगी.”

हेवा पहिल्यांदा त्याच्या हातांचा वाटला. मशीनच्या पत्र्यावर तळवा ठेवून तो आतला पट्टा ढिला झालाय हे सांगायचा. मी उघडून, तपासून, वहीत आकृती काढून अर्ध्या तासानं त्याच निष्कर्षाला यायचो. दुसरा हेवा वाटला तो पैठण रस्त्यावरच्या पंपावर. तिथल्या मॅनेजरनं पहिल्या दिवशी मला विचारलं, “आडनाव काय?” मी सांगितलं. त्याला विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून माठाशेजारी खिळ्याला एक जर्मनचा गिलास टांगलेला दिसायला लागला. मी पाणी मागितलं की नोकर तो काढून द्यायचा. तो सोबती माठावरच्या स्टीलच्या गिलासानं घटाघटा प्यायचा आणि मला म्हणायचा, “पी की रं, लई गार हाय.”

त्याला तो खिळा दिसलाच नाही. सहा महिने आम्ही त्या पंपावर गेलो आणि सहा महिने त्याला तो दिसला नाही. मॅनेजरचा मला राग आला, तो सोपा राग होता. पण उन्हातून येऊन मान वर करून पाणी पिणाऱ्या या माणसाबद्दल मला जी जळजळ वाटायची, ती वेगळी होती. जगात पाणी हे फक्त पाणी असतं, असं त्याला वाटत होतं. मला तसं एक दिवसही वाटलेलं नव्हतं.

आणि मी त्या जर्मनच्या गिलासानं पीत होतो. कार्ड मिळेपर्यंत गप्प राहायचं, असं मी स्वतःला सांगितलं होतं. हे घरी कुणाला ठाऊक नव्हतं. भिंतीवरच्या पत्रकांसमोर बसून जेवताना मी ते बोललो नाही.

परीक्षेच्या दिवशीच नामांतरासाठी जेलभरो होतं. माझी थोरली बहीण वस्तीतल्या बायकांचा जथा घेऊन निघणार होती. आम्ही तिला अक्का म्हणतो. वस्तीत कुठलंही पत्रक छापायला जाण्याआधी तिच्या नजरेखालून जातं. सकाळी डब्यात भाकरी बांधताना ती म्हणाली, “तू कार्ड आण. तेसुद्धा आंदोलनच आहे. आपल्यातला सील तोडणारा पहिला माणूस होशील.”

परीक्षा शेडमध्येच होती. आधी त्याचं झालं, मग मला बोलावलं. मीटर मुद्दाम बिघडवून ठेवलेलं, ते बरोबर रेघेवर आणायचं, एका रेघेची चूक माफ. मोटार लावली, हवा काढली, पहिलं माप भरून ओतलं, सगळं नीट चाललं होतं. दुसऱ्यांदा भरलं, रेघ पाहिली, मीटरची चकती फिरवली. माप पुन्हा ओतायला तिरकं धरलं, आणि धार तुटायला आणि जालना रस्त्यावरून जथा यायला एकच गाठ पडली.

आधी हलगी आली, मग बायकांचे आवाज. ‘नामांतर झालंच पाहिजे!’ त्यांत अक्काचा आवाज मला वेगळा काढता येत होता. माझ्या ओठांवर तेच शब्द होते. मी ते दोनदा म्हटले होते, तिसऱ्यांदा म्हणता म्हणता बाहेरच्या आवाजात मिसळलो. चालणाऱ्या माणसांची घोषणा मनातल्या घोषणेपेक्षा दुपटीनं पळते. माझ्या पंधरा घोषणा झाल्या तेव्हा किती सेकंद झाले होते कोण जाणे. छाती भरून आली होती. मी माप उभं केलं, भरलं. पेट्रोल रेघेच्या वर दिसलं. मी चकती मागं घेतली, आणखी थोडी मागं घेतली, आणि म्हणालो, “झालं, साहेब.”

निरीक्षकांनी आपलं माप लावलं. शांतपणे भरलं, ओतलं, पुन्हा भरलं. काचेजवळ वाकले.

“दोन रेघा कमी,” ते म्हणाले. “जास्त दिलं असतंस तर मालक ओरडला असता. हे गिऱ्हाइकाच्या खिशातून गेलं असतं. पुन्हा सहा महिन्यांनी.”

कंपनीच्या साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते मला वाईट बोलले नाहीत, त्यांनी आडनाव विचारलं नाही, घाईसुद्धा केली नाही. हे सगळं मी तेव्हाच पाहिलं होतं. वस्ताद मान खाली घालून चिंधीनं हात पुसत होते. बाहेर त्याला कार्ड मिळालं होतं आणि तो ते दोन्ही हातांत धरून उभा होता.

घरी वडिलांनी विचारलं. मी म्हणालो, “नापास केलं.”

‘झालो’ म्हणायचं होतं. तोंडातून ‘केलं’ आलं, आणि एकदा आल्यावर मला ते आवडलं.  दुसऱ्या दिवशी वडील अक्काला तुरुंगात भेटायला गेले आणि तोच निरोप त्यांनी तिला दिला. चार दिवसांनी ती सुटून आली, पायातली चप्पल तुटलेली, आवाज बसलेला. दारातूनच म्हणाली, “लिही.”

मी लिहिलं. इतकं झरझर मी कधीच लिहिलं नव्हतं. त्यात परीक्षेचं ढोंग होतं, वरच्यांचं संगनमत होतं, गुणवत्तेच्या नावाखालची जुनी चाल होती. सगळी वाक्यं भिंतीवरून आपोआप उतरत होती. आणि मध्ये एक ओळ त्याच्याबद्दल होती. ‘साहेबांच्या पुढंपुढं करणाऱ्या, मापाचा म देखील न कळणाऱ्या एका लाळघोट्या उमेदवाराच्या गळ्यात हे कार्ड बांधण्यात आले.’ ती ओळ लिहिताना मला अतिशय बरं वाटलं. वडिलांनी जेवणाच्या सुट्टीत टाइपाचे खिळे जुळवले आणि कच्चा छाप काढून दिला. अक्काला दाखवायचा होता. तो खिशात ठेवून मी शेडवर गेलो.

खिशातून कागद डोकावत होता. वस्तादांनी बोटानं खूण केली. “क्या है रे? नया परचा? पढ़ के सुना.”

“नंतर,” मी म्हणालो.

“नंतर कायकू? अब्बीच सुना.” त्यांनी कागद ओढून घेतला, पालथा-उलथा केला. त्यांना मराठी अक्षर लागत नसे. त्यांनी तो शेजारी दिला. “ले, तू पढ़.”

त्यानं हात पँटला पुसले, कागद उजेडाला धरला आणि शाळेत वाचतात तसं बोट ठेवून वाचायला लागला. त्याला जोडाक्षरांचा त्रास व्हायचा. ‘कष्टकऱ्यांनो’ला तो अडला, ‘गुणवत्ते’ला दोनदा अडला. मी म्हटलं, दे इकडं. वस्ताद म्हणाले, पढ़ने दे. तो पुढं सरकत राहिला. माझी वाक्यं मी मनात वाचली होती तेव्हा गरजत होती. त्याच्या तोंडून ती एक एक दगड उचलल्यासारखी येत होती, आणि प्रत्येक दगडाखाली काय आहे ते दिसत होतं.

“ला... लाळ... घोट्या,” तो म्हणाला. थांबला. पुन्हा वाचलं. “लाळघोट्या उमेद... वाराच्या. हे मी हाय का रं?”

मी समोरचा पाना उचलून पुसायला लागलो. त्यानं उरलेलं सगळं वाचलं, खालच्या ‘जागे व्हा’पर्यंत. मग म्हणाला, “लई भारी लिवलंस.” त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. “एक मला दे छापल्यावर. माज्यावर आजपोत कुणी काय लिवलं नाय.”

वस्तादांनी विडी विझवली. “और वो दो लकीर? वो किधर लिखा?”

 त्यानं कागदाची घडी घातली, कार्ड ठेवलेल्या खिशात घातली आणि मशीनकडं वळला. पुढचे आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पाना हवा असला की हात पुढं करायचा. मी द्यायचो. मी त्याची पिशवी धरत होतो. नियमच तसा होता. नापास माणसानं पुढच्या परीक्षेआधी कार्डवाल्याच्या हाताखाली वीस पंप तपासायचे आणि वहीत प्रत्येक पंपाच्या नावासमोर त्या कार्डवाल्याची सही घ्यायची.

पत्रक शेडमध्ये वाचलं गेलं त्याच संध्याकाळी अक्कानं विचारलं, “छापायला टाकलं?”

“नाही.”

“का?”

मी सांगितलं. हलगीचं सांगितलं, पंधरा घोषणा कशा पळाल्या ते सांगितलं, दोन रेघा सांगितल्या. ती ऐकत राहिली. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, “वडील भेटून गेल्यावर मी आतल्या बायकांना सांगितलं, माझ्या भावावर अन्याय झाला. शंभर बायका होत्या, लेकरं कडेवर घेऊन आलेल्या. त्यांनी तुझ्यासाठी घोषणा दिल्या रे. जेवायचं सोडून दिल्या. आता त्या मी कशा परत घेऊ?”

 मग ती वेगळ्या आवाजात म्हणाली, “अन्यायच हवा होता लिहायला, तर तुला कधी कुठं दिसलाच नाही का? सहा महिने पंपापंपांवर हिंडतोस.”

तेव्हा मी गिलासाचं सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. ती एकदम उठून उभी राहिली.

“आणि त्यानंच पीत होतास?”

“कार्डासाठी,” मी म्हणालो.

गिलासाचं पत्रक मी दुसऱ्या दिवशी लिहिलं. त्यात विशेषणं कमी होती. पंप, माठ, खिळा, गिलास, आणि मी किती महिने त्यानं पाणी प्यालो ते. हे शेवटचं मी दोनदा खोडलं, पण अक्कानं ते गाळू दिलं नाही. वस्तीतले लोक ते घेऊन पंपावर गेले. मॅनेजरनं वाद घातला नाही. त्यानं दोन्ही गिलास काढले आणि माठ उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवला. बाहेरच्यांना टाकीच्या नळाचं पाणी, ओंजळीनं.

आम्ही पुन्हा त्या पंपावर गेलो तेव्हा आठ दिवसांचा अबोला तिथंच सुटला. तो नळाला ओंजळ लावून प्यायला आणि तोंड वाकडं केलं. “पत्रक्या, तुज्यापायी माजं गार पाणी गेलं लेका.” मग हात झटकत, माझ्याकडं न बघता म्हणाला, “मला म्हाईत नव्हतं. तो गिलास मला वाटलं मॅनेजरचा हाय.”

मी मान हलवली. त्याचं खरं होतं, आणि त्या खरेपणाचाही मला हेवा वाटला. ‘माहीत नव्हतं’ असं मला एकदा तरी म्हणता यायला हवं होतं.

पुढचे महिने आम्ही दोघं सायकलवर पंप हिंडलो. लोक त्याला ‘अहो’ म्हणायला लागले होते. ‘या मेकॅनिक’ म्हणून खुर्ची द्यायचे, आणि तो खुर्चीत न बसता मशीनजवळ उकिडवा बसायचा. मी घोषणा मोजणं सोडलं. वस्तादांनी सांगितलं म्हणून साधे आकडे मोजायला लागलो, एक, दोन, तीन. आकड्यांत मन लागत नसे, पण ते पळतही नसत. त्यानं एकोणीस सह्या केल्या. त्याची सही म्हणजे आडनावाची चार सुटी अक्षरं, शेवटचं नेहमी ओळीखाली घसरलेलं.

विसावा पंप पैठण रस्त्यावरचाच होता. दुसऱ्या दिवशी परीक्षा. त्या दुपारी चार वाजता नामांतराच्या कृती समितीची बैठक होती आणि मला तिथं बोलायचं होतं. भाषण मनात घोळत होतं. माप भरलं, ओतलं, भरलं. रेघेला रेघ. मॅनेजरचा शिक्का घेतला आणि आम्ही निघालो. शेडवर येऊन मी वही त्याच्यापुढं ठेवली. त्यानं पेन उघडलं आणि तसंच बंद केलं.

“ह्याची नाय करत.”

“का?”

“माजी एकवीस झाली अन् तू भांडं उभं केलंस.”

त्याची मेंढरं म्हणत होता तो. मी घड्याळाकडं बघितलं. साडेतीन.

“रेघ बरोबर आली होती,” मी म्हणालो. “मशीनला हातसुद्धा लावला नाही. कुणाचं काय गेलं?”

“कुणाचं नाय गेलं. पण तू तीस नाय मोजले.”

“मग तिथंच का नाही बोललास?”

“म्हटलं, सही घेताना सोताच सांगशील.”

मी त्याच्यावर ओरडलो. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, त्यातलं निम्मं त्या न छापलेल्या पत्रकातलं होतं. तो ऐकून घेत होता, आणि ओरडता ओरडता मला कळत होतं की आता मला याचे हात नको आहेत, खुर्ची नको, ‘अहो’ नको. तत्त्व हे आमच्या घरचं, असं मी समजून चाललो होतो. ते आमच्या भिंतीला खळीनं चिकटवलेलं होतं. याच्याकडं एकही भिंत नव्हती, यानं आयुष्यात एकच पत्रक वाचलं होतं, तेही स्वतःविरुद्धचं. आणि तरी ते त्याच्यापाशी होतं. लोकांच्या कामाची, जमिनीची, इभ्रतीची चोरी झालेली मी पाहिली आहे. पण माझीच म्हणून जपलेली वस्तू दुसऱ्याच्या खिशात सहज दिसावी आणि ती त्यानं चोरलेली नसावी, याच्याइतकं मला काहीच झोंबलेलं नाही.

“चल,” तो म्हणाला. “आत्ता जाऊन करू. मी येतो.”

“चारला बैठक आहे.”

“मग परीक्षा पुढच्या खेपेला दे.”

आम्ही सायकली काढल्या. वारा समोरून होता. पंपावर पोचलो तर टाकी तळाला गेलेली, टँकर यायचा होता. मॅनेजर म्हणाला, “पुन्हा कशाला आलात?” तो म्हणाला, “ऱ्हायलं व्हतं थोडं.” माझं राहिलं होतं असं म्हणाला नाही. आम्ही भिंतीच्या सावलीला बसलो. पाच वाजले. बैठकीत मी बोलणार होतो त्या जागी कुणी दुसराच बोलत असेल, आणि त्याच्या टाळ्यांचाही मला हेवा वाटत होता. साडेपाचला टँकर आला.

पेट्रोल टाकीत उतरून स्थिर व्हायला वेळ द्यावा लागतो. तो दिला. मग मी माप भरलं, ओतलं, धार तुटली. एक, दोन, तीन. तो शेजारी अर्धे डोळे मिटून उभा. सत्तावीस, अठ्ठावीस. तीस झाल्यावरही मी हात हलवला नाही, त्याच्याकडं पाहिलं. त्यानं डोळे उघडले आणि मान हलवली. दुसरं माप भरलं. रेघ बरोबर होती. त्यानं वही मांडीवर घेऊन जुन्या ओळीवर काट मारली, खाली नवी ओळ ओढली आणि चार अक्षरं काढली.

दुसऱ्या दिवशी तेच साहेब आणि तेच निरीक्षक होते. परीक्षेआधी निरीक्षक वही चाळत शेवटच्या पानावर थांबले. “हे काय? एकच पंप दोनदा? काट कुणी मारली?”

खोटं सांगणं अवघड नव्हतं. शाई सांडली म्हटलं असतं तरी चाललं असतं. वस्ताद माझ्याकडं बघत होते.

“पहिल्या वेळी मी तीस मोजले नाहीत,” मी म्हणालो. “मला बैठकीला जायचं होतं. त्यानं सही केली नाही, म्हणून पुन्हा केलं.”

निरीक्षकांनी चष्म्यावरून मला पाहिलं, मग वही मिटली. “बरं. लाव मशीन.”

त्या दिवशी रस्त्यावर काही नव्हतं, फक्त ट्रक. मी साधे आकडे मोजले. निरीक्षकांचं माप रेघेवर थांबलं. संध्याकाळच्या आत माझ्या हातात जाड गुलाबी पुठ्ठा होता.

तो बाहेर सायकलला टेकून थांबला होता. “काय इचारलं आत?”

“त्या काटेचं विचारलं.”

“मग?”

“होतं ते सांगितलं.”

“लई लांबण नाय ना लावलं?” तो हसला. “दाव की कार्ड.”

मी दिलं. त्यानं ते उजेडाला धरलं, माझ्या फोटोकडं पाहिलं, मग स्वतःचं खिशातून काढून शेजारी धरलं. त्याच्या फोटोत एक डोळा मिटलेला होता आणि कपाळावर फ्लॅशचा पांढरा डाग होता. तो बराच वेळ दोन्हीकडं बघत राहिला. चेहरा हळूहळू पडला.

“तुजा फोटू लईच झ्याक आलाय रे,” तो म्हणाला. “कुठल्या स्टुडिओत काढला?”

मी स्टुडिओ सांगितला. आपला फोटो बदलून मिळतो का, असं त्यानं आत जाऊन साहेबांना विचारलंसुद्धा. ते नाही म्हणाले. तो मुकाट्यानं बाहेर आला आणि सायकलला टांग मारून निघून गेला, मागं न बघता.

मी सायकल हातात धरून घरापर्यंत चालत गेलो. अक्का दारात उभी होती, तिला मी कार्ड दाखवलं, तिनं ते कपाळाला लावलं. आनंद झालाच होता. पण त्या आनंदातला किती भाग कार्डाचा होता आणि किती त्या फोटोचा, हे मी तिला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे, आणि लिहिताना लाज वाटते आहे.